तिसऱ्या मजल्यावरची कडी

तिसऱ्या मजल्यावरच्या महिला स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी एका सोमवारी सकाळी निखळून खाली पडली. पडताना टण्ण असा आवाज झाला म्हणतात. 'म्हणतात' अशासाठी, की पुढे या कडीवर जे कागद तयार झाले त्यांत हा आवाज 'साडेदहाच्या सुमारास, पूर्वेकडून' असा नोंदवला गेला, आणि नोंदवणारा गृहस्थ त्या वेळी दोन मजले खाली चहा पीत होता.

कडी म्हणजे तरी काय, एक सरकती दांडी आणि चार स्क्रू. हेडक्लार्कनी सुताराला फोन केला असता, सुतार आला असता, आणि सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण नेमक्या त्याच सोमवारी मोठे साहेब प्रशिक्षणाहून परतले.

मोठे साहेब तीन दिवस एका गारेगार सभागृहात बसून आले होते. येताना त्यांनी एक जाडजूड फोल्डर, एक पेन आणि एक वाक्य आणलं होतं. फोल्डर त्यांनी कपाटात ठेवलं, पेन खिशाला लावलं आणि वाक्य मात्र दिसेल त्याला ऐकवत सुटले. "प्रकल्प का फसतात माहीत आहे? कारण ते एकाच स्तरावर राबवले जातात. अंमलबजावणी सर्व स्तरांवर झाली पाहिजे." हे वाक्य वापरून पाहायला त्यांना एक प्रकल्प हवा होता. लहानसाच, पण पूर्ण होणारा. अशा क्षणी हेडक्लार्क हातात चिठ्ठी घेऊन त्यांच्या खोलीत शिरले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कडी पडली आहे.'

माणसाची वेळ फिरते ती अशी.

हेडक्लार्कचं वय चोपन्न. बढती मिळाली तर अधीक्षक होणार होते, आणि अधीक्षकाला या कार्यालयात काचेची स्वतंत्र खोली मिळते. त्या खोलीत आपली खुर्ची कोणत्या भिंतीला लावायची, हे त्यांनी चार वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. बढतीची फाइल आठ महिने मोठ्या साहेबांच्या टेबलावर पडून होती. साहेब तिच्यावर चहाचा कप ठेवायचे, त्यामुळे फाइलवर एकात एक अशी बरीच तपकिरी वर्तुळं उमटली होती. त्या दिवशी साहेबांनी कप उचलला, फाइलवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही कडी आपला पथदर्शी प्रकल्प. जबाबदार अधिकारी तुम्ही. सहा आठवड्यांनी मुख्यालयाचे लोक बघायला येतील. नीट झालं, तर या फाइलचंही नीट होईल."

हेडक्लार्क पायऱ्या उतरून खाली आले तेव्हा त्यांना वाटत होतं, चार स्क्रूंवर अधीक्षकपद मिळणारा आपल्यासारखा भाग्यवान नसेल. त्यांची पत्नी त्याच कार्यालयात आवक-जावक टेबलावर होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला सगळं मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "म्हणजे कडी कधी लागणार?"

"प्रकल्प आहे तो," हेडक्लार्क म्हणाले. "असं तडकाफडकी नाही होत."

"सुतार तर खालीच बसलेला असतो."

"अगं, तो एकाच स्तरावरचा झाला ना."

पहिलं काम म्हणजे समिती. साहेबांचा आग्रह असा, की प्रत्येक स्तराचा एक प्रतिनिधी हवा. सात जण झाले. मग प्रत्येक विभाग म्हणाला, आमच्यावर अन्याय झाला. चौदा झाले. चौदाच्या चौदा पुरुष. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. बैठक सकाळी अकराला असायची, त्या वेळी खिडक्यांवर लोकांची रांग असते, आणि खिडक्यांवर बायका बसतात. कुणीतरी काम करायला नको का? समितीचे अध्यक्ष छोटे साहेब. हा माणूस स्वभावानं इतका सावध, की 'हो' म्हणायचं झालं तरी आधी दाराकडे बघायचा.

पहिल्या बैठकीत एक अडचण पुढे आली. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि पाहणीसाठी आत जाता येत नव्हतं. चौदा जण दारापर्यंत गेले, दारावरची पाटी वाचली आणि परत आले. मग ऐकीव माहितीवर दाराचा नकाशा काढायचं ठरलं. एकजण म्हणाला, दार आत उघडतं. दुसरा म्हणाला, बाहेर उघडतं, आपण स्वतः पाहिलंय. तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुढच्या तीन बैठकांत तो तोंड उघडेना. शेवटी हेडक्लार्कनी घरी जाऊन पत्नीलाच विचारलं.

"आत उघडतं," ती म्हणाली. "आणि बंद करायला बाहेर एक बाई लागते. ती पाय लावून उभी राहते. आज माझा नंबर होता. टायपिस्टसाठी मी उभी राहिले, माझ्यासाठी ती. लोक जाता-येता बघतात. एकानं तर मला विचारलं, बाई, इथे कशाची रांग आहे?"

हेडक्लार्कना वाईट वाटलं. अगदी खरंखुरं वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याला तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून त्यांनी फक्त 'दार आत उघडते' एवढंच टिपून घेतलं.

तक्ता म्हणजे प्रगतिफलक. दर आठवड्याला तो खालून भरून वर जायचा आणि मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर टांगला जायचा. काम अडलं असेल तर लाल टिकली, रेंगाळलं असेल तर पिवळी, सुरळीत असेल तर हिरवी. पहिल्या आठवड्याला हेडक्लार्कनी इमानदारीत लाल टिकली लावून फलक वर पाठवला. छोट्या साहेबांनी ती पाहिली, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाल थोडं टोकाचं नाही वाटत?" त्यांनी पिवळी लावली. पुढे आणखी एक मधले साहेब होते. त्यांचं एकूण काम म्हणजे खालून आलेलं वर पाठवणं. त्यांना पिवळा रंग आजारी वाटला. मोठ्या साहेबांपर्यंत पोचेस्तोवर टिकली हिरवीगार झाली होती. साहेब खुश झाले आणि त्यांनी मुख्यालयाला कळवलं, की प्रकल्प वेळेच्या पुढे चालला आहे. वेळेच्या पुढे चालणाऱ्या प्रकल्पाला जास्त मुदत कशाला, म्हणून मुख्यालयानं एक आठवडा कमी केला. दुसऱ्या आठवड्यापासून हेडक्लार्क खालूनच हिरवी लावून पाठवू लागले. त्यात टिकल्या तरी वाचत होत्या.

मग भांडारपाल. भांडारात कड्या होत्या, आणि भरपूर होत्या. पण त्या आवाराच्या फाटकाच्या होत्या, एकेक हातभर लांब. भांडारपाल म्हणाला, "कडी म्हटलंत, कडी दिली. स्वच्छतागृहाची असं तुमच्या मागणीपत्रात कुठाय?" हेडक्लार्कनी नवं मागणीपत्र भरलं. त्यात विचारलं होतं, कडी उजवी की डावी. कडीला उजवं-डावं असतं हे हेडक्लार्कना या वयात कळलं. तो प्रश्न समितीकडे गेला. समितीनं दोन बैठका घेतल्या आणि 'मध्यम' असा निर्णय दिला.

दरम्यान सुतार दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याला आत सोडलं नाही, कारण प्रवेशपत्रावर 'कामाचे ठिकाण' या जागी 'महिला स्वच्छतागृह' असं लिहिलं होतं आणि फाटकावरच्या रखवालदारानं ते वाचून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दुसऱ्यांदा सोडलं, पण कडी नव्हती. सुतार पायरीवर बसून राहिला, मग उठला आणि हेडक्लार्कना म्हणाला, "साहेब, काम दहा मिनिटांचं आहे. पण तुमच्याकडे ती दहा मिनिटं कोणाकडे आहेत, तेवढं शोधून ठेवा. मी येतो."

हेडक्लार्क राहतात त्या इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. आयुष्यभर असल्याच एका कार्यालयात काढून ते बाहेर पडले आणि त्यांच्या मते अजूनही ते कार्यालय त्यांच्याच सल्ल्यावर चाललं आहे. जिन्यात त्यांनी हेडक्लार्कना गाठलं. "कडी लावायच्या भानगडीत पडू नका," ते म्हणाले. "लावलेली कडी उद्या पुन्हा पडते. मग विचारतात, कोणी लावली होती? न लावलेली कडी कधी पडल्याचं ऐकलंय? मी बत्तीस वर्षं एकही कडी लावली नाही. म्हणून तर सुखरूप निवृत्त झालो." हेडक्लार्कना हे पटलं नाही, पण त्या रात्री त्यांना झोप मात्र नीट लागली नाही.

खरी ठिणगी पडली ती चौथ्या आठवड्यात. छोट्या साहेबांच्या लक्षात आलं, की महिला कर्मचारी जागेवरून एकेकट्या न उठता जोडीनं उठतात. त्यांनी हिशेब मांडला आणि एक परिपत्रक काढलं. 'दोन महिला कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी जागा सोडू नये. त्यामुळे कामाच्या वेळेचा अपव्यय होतो.' ते सगळीकडे पोचवण्यासाठी आवक-जावक टेबलावर आलं. म्हणजे हेडक्लार्कांच्या पत्नीनं स्वतःच्या हातानं त्यावर क्रमांक घातला, चोवीस प्रती काढल्या आणि बावीस बायकांना वाटल्या. एक प्रत तिनं स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी चिकटवली आणि एक नवऱ्याच्या टेबलावर ठेवली. घरी गेल्यावर "जेवायला या" म्हणायच्या जागी "साहेब, बसा" म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिनं हेडक्लार्कना घरात 'साहेब' पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं. "समिती आहे. स्तर आहेत. माझ्या हातात काही आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर असता, तर काहीतरी असतं."

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, सगळं धडपडत का होईना, जुळून आलं. भांडारपालानं मध्यम कडी मागवून घेतली. मुख्यालयाचं पत्र आलं, की सोमवारी निरीक्षक येत आहेत. मोठ्या साहेबांनी ठरवलं, की कडी निरीक्षकांच्या देखत, स्वतःच्या हातानं बसवायची. पहिला स्क्रू ते फिरवतील, उरलेले सुतार. त्याआधी एकदा जागेची तालीम व्हायला हवी. जेवणाच्या सुट्टीत आत कुणी नाही असं बघून मोठे साहेब, छोटे साहेब, मधले साहेब आणि समिती खाकरत खाकरत आत शिरले.

दाराला कडी होती.

नवी होती. पितळी होती. चार स्क्रू घट्ट बसवलेले. छोट्या साहेबांना दाराकडे बघायची सवय असल्यामुळे सगळ्यात आधी त्यांनाच ती दिसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपण बघितलं नसतं तर बरं झालं असतं. मोठ्या साहेबांनी दांडी सरकवून पाहिली. ती सुळ्ळकन सरकली.

"ही कुठल्या टप्प्यातली?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आपण अजून तिसऱ्या टप्प्यात आहोत साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "बसवणं पाचव्यात आहे."

"मग ही कडी अनधिकृत आहे." साहेबांचा आवाज खाली आला, म्हणजे ते खरे चिडले होते. "निरीक्षकांसमोर मी काय बसवू? लागलेल्या कडीवर कडी? सोमवारी अकराच्या आत ही काढून ठेवा. जबाबदार अधिकारी तुम्ही. आणि तुमची फाइल मी सोमवारी संध्याकाळीच बघणार आहे, एवढं लक्षात असू द्या."

घरी हेडक्लार्कनी पत्नीला विचारलं, "कोणी बसवली?"

"मला काय माहीत. आमच्यातलं कुणी समितीत आहे का?"

"मला ती काढायची आहे. वरून आदेश आहे."

ती कपडे वाळत घालत होती. हातातला टॉवेल झटकून तिनं दोरीवर टाकला. "बरं," म्हणाली. हेडक्लार्क तिला तीस वर्षं ओळखत होते. तिनं वाद घातला तर निभावता येतं, 'बरं' म्हटलं की मात्र पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. शनिवार-रविवार त्यांनी काचेच्या खोलीचा विचार करून मन घट्ट करायचा प्रयत्न केला. खोली डोळ्यांसमोर यायची, आणि खोलीच्या दाराला पाय लावून उभी असलेली पत्नीही दिसायची.

सोमवारी साडेनऊला हेडक्लार्क स्क्रूड्रायव्हर खिशात घालून तिसऱ्या मजल्यावर गेले. दार बंद होतं. त्यांनी टकटक केलं.

"आत आहे," आतून आवाज आला. टायपिस्टचा होता.

हेडक्लार्क लांब जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. काही मिनिटांनी कडी सरकली, टायपिस्ट बाहेर आली. हेडक्लार्क पुढे सरकणार, तोच जिन्यातून साफसफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या आणि आत शिरल्या. कडी लागली. "आत आहे," मावशींनी आपणहून सांगितलं, कुणी न विचारता. त्यांच्यामागून खिडकी क्रमांक दोन. मग खिडकी क्रमांक पाच. मग स्वतः लेखाधिकारी बाई आल्या. या बाई हुद्द्यानं छोट्या साहेबांच्याही वर, त्यांच्यासमोर मोठे साहेबही नीट बसायचे. बगलेत एक फाइल, डोळ्यांवर चष्मा. "गुड मॉर्निंग," त्या हेडक्लार्कना म्हणाल्या, आत गेल्या आणि फाइल वाचून होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

साडेदहाला हेडक्लार्कांच्या ध्यानात आलं. दार उघडतं आणि मिटतं त्यात दोन पावलांचं अंतर असतं. जिन्यात कायम एक बाई तयार उभी असते. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणाच्या हातात कागद नाही, खाली एकही खिडकी बंद नाही, रांग नेहमीसारखी पुढे सरकते आहे. आणि हो, दोन महिला एकाच वेळी जागेवरून उठत नव्हत्या, एकेक करून उठत होत्या. परिपत्रकाचं अक्षरशः पालन चाललं होतं. मावशींपासून लेखाधिकारी बाईंपर्यंत सगळे स्तर एका कामाला लागले होते, आणि ते काम मिनिटभरही खोळंबत नव्हतं. हेडक्लार्कना हसू आलं. त्याच्या पाठोपाठ लाज वाटली, आणि ती हसण्यापेक्षा जास्त वेळ टिकली. पाच आठवडे आपण टिकल्या चिकटवत होतो.

पावणेअकराला त्यांनी पुन्हा टकटक केलं. "आत आहे," आवाज आला. हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

अकराला मोठे साहेब वर आले. त्यांच्यामागे समिती, समितीच्या मागे तबकात मध्यम कडी, आणि सगळ्यांच्या पुढे मुख्यालयातून आलेल्या निरीक्षक. त्या एक उंच, थकलेल्या बाई होत्या आणि तीन तासांचा प्रवास करून थेट आल्या होत्या. मोठ्या साहेबांनी सर्व स्तरांबद्दल बोलायला सुरुवात केली. बाईंनी हात वर केला. "ते ऐकते. आधी मला जरा आत जाऊ द्या."

कडी सरकली. हेडक्लार्कांची पत्नी बाहेर आली, निरीक्षक बाई आत गेल्या, कडी लागली. मोठ्या साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं, आणि हेडक्लार्कनी तबकातल्या कडीकडे. चौदा जण भिंतीला लागून उभे राहिले.

बाई बाहेर आल्या त्या मोकळ्या चेहऱ्यानं. "छान बसवली आहे," म्हणाल्या. "इतर कार्यालयांत मला पर्स दाराला टेकवून बसावं लागतं. म्हणजे काम झालंच की. कोणी केलं?"

"आमच्या समितीनं," मोठे साहेब पटकन म्हणाले. "सर्व स्तरांवर." हे त्यांच्या तोंडातून इतकं सहज निघालं, की त्यांनाही ते खरं वाटलं असावं.

बाईंनी पर्समधून एक छापील कागद काढून हेडक्लार्कच्या हातात दिला. जबाबदार अधिकारी म्हणून पूर्तता-दाखला त्यांनीच भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव व हुद्दा.' मोठे साहेब त्यांच्या कानाशी वाकले. "समिती लिहा. फाइल संध्याकाळी सही होऊन खाली येईल."

हेडक्लार्कना काचेची खोली दिसली. अगदी स्पष्ट दिसली, खुर्चीसकट. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाले, "एक मिनिट." मग ते जिन्यापाशी उभ्या असलेल्या पत्नीकडे गेले.

"आता तरी सांग," ते हळू आवाजात म्हणाले. "कोणी बसवली?"

तिनं त्यांच्या हातातला कागद पाहिला. मग त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. "चार स्क्रू होते. एक मावशींनी फिरवला, एक टायपिस्टनं, एक लेखाधिकारी बाईंनी आणि एक मी. अकरा मिनिटं लागली. त्यातली सहा स्क्रूड्रायव्हर शोधण्यात गेली."

हेडक्लार्क परत आले. रकाना एका नावापुरता होता. त्यांनी बारीक अक्षरात चार नावं लिहिली, प्रत्येकीचा हुद्दा लिहिला, खाली सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला. मोठे साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंनी नावं मोजली. "एका कडीला चार माणसं?"

"त्याआधी चौदा होती बाई," हेडक्लार्क म्हणाले. "तेव्हा लागत नव्हती."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीला लागून उभ्या असलेल्या रांगेवरून एकदा नजर फिरवली, कागदाची घडी घातली, आणि मग मोठ्या साहेबांना विचारलं, की दाराशेजारी चिकटवलेलं ते परिपत्रक कुणी काढलं होतं. छोटे साहेब दाराकडे बघू लागले, पण ते दार स्वच्छतागृहाचं होतं, त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

हेडक्लार्कची बढतीची फाइल त्याच दुपारी खाली आली. पावणेदोनला मोठ्या साहेबांनी शेरा लिहिला, 'सद्यःस्थितीत विचार करता येत नाही.' दोनला मधल्या साहेबांनी सही केली, सव्वादोनला छोट्या साहेबांनी. आठ महिने कपाखाली असलेली फाइल तीन स्तरांतून अर्ध्या तासात फिरून आवक-जावक टेबलावर पोचली. एकही टिकली लागली नाही, एकही बैठक झाली नाही.

हेडक्लार्कांच्या पत्नीनं फाइल उघडली, शेरा वाचला, तिन्ही सह्यांखालच्या वेळा पाहिल्या. तिनं आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि फाइल घेऊन नवऱ्याच्या टेबलापाशी आली.

"बघा," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "सुधारली की हो अंमलबजावणी."